तुझ्या भावानं टाकी घेतली

तुझ्या भावानं ती टाकी घेतली, काशव्वा. रॉकेलची, दुरुस्तीला. तू असतीस तर दारात आडवी पडली असतीस आणि म्हणाली असतीस, आधी मला ओलांडा. आता दार मोकळं आहे.

टाकी आपल्या दुकानासमोर दगडांवर ठेवली आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसेल एवढी. पहाटे भट्टी पेटवली, भट्टीवर पिंप चढवलं, पिंपातून नळी काढून टाकीच्या पोटात घातली. तेव्हापासून आत वाफ चालू आहे. मी लांब ओट्यावर बसून हे लिहितोय. वाफेचं काम असंच असतं, एकदा सुरू केलं की माणसाला काही करायला उरत नाही. दुपारी नळावरच्या बायका घरी गेल्या आणि गल्ली आडवी झाली, की या टाकीच्या फुटक्या शिवणीला वेल्डिंगची ठिणगी लागायची आहे. लागल्यावर काय होईल ते मला सांगता येत नाही. तुला सांगता आलं असतं.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं चांगलं लिहितात. मला ते जमायचं नाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर मी जे लिहिलं ते पत्र्यावर, खडूनं, आणि पत्रा कापला की पुसून टाकलं. शिवाय तू काही देवबाई नव्हतीस. तोंडाची तिखट होतीस. गिऱ्हाइकासमोर माझा पाणउतारा करायचीस आणि गिऱ्हाईक गेलं की ताटात तूप वाढायचीस, म्हणजे हिशेब फिटला असं तुला वाटायचं. जंगमानं तुझ्या कपाळाला भस्म लावलं तेव्हा तुझं तोंड मिटलेलं बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. इतक्या वर्षांत ते मिटलेलं मी बघितलं नव्हतं. झोपेतसुद्धा तू बडबडायचीस, कानडीत, आणि मी विचारलं काय म्हणालीस, तर सकाळी म्हणायचीस, "तुमच्याशी न्हवतं."

सिद्राम म्हणजे तुझा धाकटा भाऊ, हे तुला काय सांगायचं. पण पुढं कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहितो. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातला गडी. पोराबाळांचा बाप. दोन हंगाम ज्वारी उगवलीच नाही तेव्हा तू त्याला इकडं घेऊन आलीस, मला न विचारता. एका सकाळी दुकानात येतो तर हा ऐरणीजवळ उभा, नवरदेवासारखा लाजत, आणि तू म्हणतेस, "ह्येला शिकवा." मी म्हटलं, शेतकऱ्याचा हात आहे, लोखंड त्याच्यासाठी थांबणार नाही. तू म्हणालीस, "सुम्मनिरी." म्हणजे गप बसा. बसलो.

मी त्याला कानस दिली. कोणालाही पहिली कानसच. माझ्या बापानं मला तीच दिली होती. लोखंड सपाट घासायला आलं नाही तर माणसाला लोखंड कळलं नाही, हे माझं म्हणणं. तुला घाई. तू म्हणायचीस, "त्याच्या पोरांनी कानस खायची का? वेल्डिंगचा होल्डर द्या त्याच्या हातात." आणि मी बाजारात गेलेलो बघून तूच दिलास.

परत आलो तेव्हा मी आत न येता बाहेर उभा राहून तुमचं ऐकलं. सिद्रामाच्या होल्डरमधली काडी लोखंडी पट्टीला चिकटली होती आणि तो नांगर उपसावा तशी ती उपसत होता. तू म्हणत होतीस, "तम्मा, दाबू नगं. हितं ढेकळं न्हाईत. टेकवतो टेकवतो म्हणायचं आन टेकवायचं न्हाय. चिकटली तर मनगट मोड, वढू नगं." मग कधीतरी त्याला जमलं आणि आतून एकसारखा आवाज यायला लागला. तू म्हणालीस, "ऐकलंस? तेलात भजी सोडल्यावानी. तडतडलं की समज काडी लांब गेली. आवाज बसला की समज काडी जवळ आली." मी आयुष्यभर हे काम केलं, पण ते असं कोणाला सांगता आलं नाही मला. मी नुसता ओरडायचो.

माणसं म्हणायची म्हाताऱ्याचं दुकान. दुकान अर्धं तुझं होतं. माझं नाक भट्टीनं आणि तंबाखूनं कधीच मेलं होतं. नंतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उरलं काय, तर हात आणि कान. पुढचं सगळं तू बघायचीस आणि तू हुंगायचीस.

रिकाम्या पिंपाचं तसंच. नवीन माणूस भरल्या पिंपाला भितो आणि रिकाम्याजवळ विडी ओढतो. इथंच तो फसतो. भरलेलं रॉकेल पेटलं तर जळतं, माणूस पळू शकतो. रिकाम्या पिंपात तेल नसतं पण तेलाची हवा असते. बंद जागेत ती पेटली की जळत नाही, फुटते. झाकण उघडून महिनाभर उन्हात ठेवलं तरी शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्याखाली तेल दडून बसतं. वेल्डिंगनं शिवण तापली की ते बाहेर येतं आणि ठिणगी तिथंच असते.

पलीकडच्या दुकानातला तो माणूस आठवतो ना. पिंप रिकामं आहे का बघायला काडी पेटवून तोंडाशी धरली त्यानं. आवाज झाला तो मला वाटलं मिलचा बॉयलर गेला. पिंपाचा तळ रस्त्यापलीकडच्या घराच्या धाब्यावर सापडला. माणूस होता तिथंच बसलेला, काडी धरल्यासारखी बोटं करून. तू घागर घेऊन धावलीस. बाकीचे म्हणाले, राहू दे बाई, आता काय उपेग. तरी तू अख्खी घागर त्याच्यावर ओतलीस, सावकाश, लहान पोराला न्हाऊ घालावं तशी.

त्या दिवसापासून आपल्या दुकानात कुठलंही पिंप पाण्याशिवाय जाळाला लागलं नाही. सांध्याच्या खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे आत हवेला जागाच राहत नाही. दुष्काळ आला, पाणी मिळेना, तेव्हा तू चादरीच्या रंगखान्यातून उतरलेलं पाणी गाड्यावर घालून आणायला लागलीस. लाल, निळं, कधी हिरवं. ते पिंपात भरलं की जिथं बारीक भोक असेल तिथून रंग झिरपायचा. मला अंधुक दिसतं, पण पिंपाच्या पोटावरून उतरणारी लाल रेघ मला दिसायची. तेवढ्यासाठी तू लाल पाणी मागून आणायचीस हे मला फार उशिरा कळलं. त्या रेघेकडं बघवायचं नाही मात्र. पिंपाला कोणी भोसकल्यासारखं दिसायचं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "काशव्वा, आज कुणाची होळी?" तू म्हणायचीस, "तुमच्या नवऱ्यांची. रांगेत उभं करा त्यास्नी."

पाणी भरलं तरी तू आधी पिंपाच्या तोंडात नाक घालायचीस. डोळे मिटून. मग एक शब्द. व्हय किंवा न्हाय. न्हाय म्हणालीस की मी डोळ्यावर धरायची वेल्डिंगची काचसुद्धा उचलायचो नाही.

आपलं भांडण वाफेवरून होतं. तरुणपणी मी मिलच्या फिटरखात्यात होतो तेव्हा तेलाच्या टाक्या वाफेनं धुताना बघितल्या होत्या. पाण्यानं टाकी भरायची म्हणजे अख्ख्या टाकीएवढं पाणी पाहिजे. वाफेला घागरी दोन घागरी पुरतात. वाफ आतली हवा रेटून बाहेर काढते, शिवणीतलं तेल सुटं करते. या दुष्काळात मी तुला कितीदा म्हटलं की वाफेनं करू. तू ऐकायची नाहीस. "पाणी दिसतं. हात घातला की लागतं. वाफ दिसती तवर हाय, मग कुटं जाती?" मी म्हणायचो, तुला यंत्रातलं काय कळतं. तू म्हणायचीस, "मला न्हाय कळत. मला तुमी घरी यायला पायजे एवढं कळतं." वाद तिथंच राहायचा. भाकरी थापायला बसलीस तरी पाठीमागून तुझं चालूच असायचं. तू हरली नाहीस, मीही हरलो नाही. आज निकाल लागेल. तो ऐकायला तू नाहीस, हे बरं झालं का वाईट झालं, मला ठरवता येत नाही.

तू गेलीस ती पाण्यानंच. सकाळी उलटी झाली, मग जुलाब, उतरत्या उन्हात बोटं धुण्यातून काढल्यासारखी सुरकुतली. दवाखान्यात नेलं तेव्हा तुला कोणी परत आणू शकेल असं राहिलं नव्हतं. शेवटचं काय बोललीस, तर "घागर झाका." मी झाकली. मला वाटलं अजून बोलशील.

नंतर घरी येऊन बघितलं. दोन घागरी होत्या. वरची स्वच्छ, नळाची, मी आणि सिद्राम प्यायचो ती. खालची कोपऱ्यात, फडक्यानं गाळलेलं विहिरीच्या तळाचं पाणी, हिरवट. ती कोणाची होती ते मी तुला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस भांड्यांसाठी हाय. मला तुझा राग आला. अजून आहे. घरातल्या माणसाला न सांगता असला निवाडा करायचा अधिकार तुला कोणी दिला होता? आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं की मी इथं बसून लिहितोय तो त्याच वरच्या घागरीच्या जोरावर.

आपल्यात बसवून पुरतात. खड्डा खोल लागतो. जमीन इतकी तापून आवळली होती की खणणाऱ्यांनी हात टेकले. म्हणाले, पहारीचं टोक बसलंय, भट्टीवर घेऊन चांगलं पाणी द्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत होत नाही. तू घरात भिंतीला टेकून बसवलेली, गळ्यात माळ, आणि मी दुकान उघडून भट्टी पेटवली. दुसरं कोण करणार?

टोक लाल केलं, ठोकून काढलं, बुडवलं, घासून पांढरं केलं. पुढचं काम डोळ्यांचं. आतली धग टोकाकडं सरकते तसा पांढऱ्या लोखंडावर रंग चढतो. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पहारीला जांभळ्यावर बुडवायचं. निळा उलटून गेला तर टोक मऊ. मला ते रंग दिसत नाहीत, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तू बाजूला उभी राहून सांगायचीस, पिवळा, पिवळा, आला, आता. मी ऐकत होतो. कोणी बोललं नाही. मग मी सिद्रामाला म्हटलं, रंग सांग.

तो म्हणाला, "पिवळा हाय दाजी." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आता... आता जांभळा." मी बुडवलं.

पहिल्या चार घावांत टोक वाकलं. खणणाऱ्यानं ती पहार माझ्यासमोर आणून ठेवली. सिद्राम म्हणाला, "डोळ्यात पाणी हुतं, दाजी." शेवटी शेजारच्या दुकानातली पहार आणून तुझं घर खणलं. ती वाकलेली अजून कोपऱ्यात आहे. सरळ करायला हात जात नाही.

आणि मग ही टाकी आली.

एक कंत्राटदार घेऊन आला. टँकर कमी पडतात म्हणून जिथं मिळेल तिथून जुन्या टाक्या उचलतोय. रॉकेलच्या, डिझेलच्या, धुऊन घ्यायच्या आणि पाण्याला लावायच्या. हिची खालची शिवण फाटलेली. मी ओट्यावरून म्हटलं, आत काय होतं? तो म्हणाला, "काय हुतं ते हुतं, म्हातारबा. महिना झाला उन्हात उघडी पडलीय. आता आत काय असणार, वारा?" मी म्हटलं, घेऊन जा. सिद्राम आतून हात पुसत आला आणि त्याला विचारलं, "पाणी कुटं जाणार ह्यातनं?" कंत्राटदारानं गावांची नावं घेतली. मंगळवेढ्याकडची. तिसरं नाव तुझ्या माहेराचं निघालं.

सिद्रामानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "ठेवा."

कंत्राटदार गेल्यावर मी सिद्रामाला म्हटलं, पाण्यानं भरल्याशिवाय हात लावायचा नाही.

"पाणी कुटनं आणू? रंगखानं बंद हाय. नळावर बघा जरा, बाया घागरीच्या जागी दगड मांडून बसल्यात. त्यांच्या म्होरं सगळ्या गल्लीचं पाणी ह्या घाणेरड्या टाकीत वतू? जिवंत सोडतील मला?"

"मग थांब. पाऊस येऊ दे."

"पाऊस आल्यावर टाकी कशाला लागंल, दाजी?"

मग तो हळू म्हणाला, "अक्का कशानं गेली ते तुमाला म्हाईत हाय. मला बी हाय. तितं माझी पोरं त्याच पाण्याच्या कडंला बसल्यात."

मी सांगितलं वाफेनं करू. त्यानं लगेच मान डोलावली. तू डोलावली नसतीस.

उन्हं चढली तशी टाकी बोलायला लागलीय. पत्रा तापतो, ताणतो आणि मधेच टण् करून सुटतो. कोणी आतून ठोकावं तसा आवाज. एरवी मी म्हटलं असतं, पत्र्याचा धर्म आहे. आज प्रत्येक आवाजाला माझी पेन्सिल थांबते. मघाशी नळावरची रांग वाढत वाढत टाकीपर्यंत आली आणि एका बाईनं आपली कळशी टाकीला टेकवून सावलीत पोरगं बसवलं. मी उठून ओरडलो तर म्हणते, "म्हातारा बायको गेल्यापास्नं बिघडला." बिघडला तर बिघडला. रांग पलीकडच्या भिंतीला लावून दिली.

सिद्राम पिंपाखाली जाळ घालतोय. मन लावून करतो. तुझ्यासारखाच खालचा ओठ चावतो काम करताना. हात चांगला आहे त्याचा, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं बघू. बघू काय, मी ऐकलंय. शिवण घालताना त्याचा आवाज कुठं तुटत नाही. पण हात वेगळा आणि डोळा वेगळा. आणि त्याला हे काम व्हायला पाहिजे आहे. ज्याला काम व्हायला पाहिजे असतं त्याला जांभळा रंग लवकर दिसतो, किंवा उशिरा दिसतो. हवा तेव्हा दिसतो.

आत्ताच तो वाटी घेऊन आला होता. वाफेचं पाणी होऊन टाकीच्या तळातून गळतं, ते धरून आणलं. तेल निघत असेल तर पाण्यावर रंगीत साय धरते. मला वाटी दिसली, पाणी दिसलं नाही.

"साय हाय का वर?"

"न्हाय. साफ हाय."

"उन्हात धर. तिरपी कर."

"केली, दाजी. न्हाय काय."

"वास?"

त्यानं हात हुंगला. म्हणाला, "वासाचं मला इचारू नगा. सकाळपास्नं मला रॉकेलचाच वास येतोय. हाताला येतोय, धोतराला येतोय, भाकरीला आला. टाकीचा कुठला आन माझा कुठला, कसं सांगू?"

खरं बोलला. म्हणून मला तो आणखीच आवडला. तुझ्यासारखं नुसतं व्हय, लावा काडी, म्हणाला असता तर मी त्याच्यावर ओरडून मोकळा झालो असतो. तुझ्या एका शब्दावर मी आयुष्यभर निर्धास्त काच उचलली. त्या शब्दाची जागा आता अशी रिकामी आहे.

काही जण लांब गजाला पेटता बोळा बांधून आत घालून बघतात. त्यानं वरची हवा कळते. शिवणीत काय दडलंय ते शिवण तापल्यावरच कळणार. म्हणजे पहिली काडी जो लावेल त्यालाच कळणार. पहिल्या वीतभर रेघेत काही झालं नाही, तर पुढं होत नाही. मिलमध्ये तरी असंच म्हणायचे.

मी त्याला म्हटलं, पहिली काडी मी लावतो.

"तुमी? तुमाला शिवण दिसत न्हाय, दाजी. रेघ कशी धरणार?"

"ठिणगी पाडायला डोळे लागत नाहीत. वीतभर वेडीवाकडी घालतो. नंतर छिन्नीनं काढ आणि तुझी तू घाल."

"आन मी काय करू? बघत बसू?"

"तू भिंतीमागं खटक्याजवळ उभा राहा. मी हात वर केला की मशीन चालू कर. माझ्या हातातून होल्डर सुटला की बंद कर. खटक्याजवळ कोणीतरी लागतंच."

त्यानं होल्डर सोडला नाही. आम्ही दोघं त्याला धरून उभे होतो, पोरं विटीदांडूवरून भांडतात तसे. मग म्हणाला, "माझ्या डोळ्यावर इस्वास न्हाय तुमचा. त्या पहारीपास्नं."

"न्हाय," मी म्हटलं.

त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "आज न्हाय. उद्याचं उद्या बघू. आणि तुझं काय झालं तर तिकडं चार तोंडं आहेत. माझ्याकडं कोण आहे?"

"मी हाय की," तो म्हणाला. आणि होल्डर सोडून भिंतीकडं गेला.

मला मरायची घाई नाही, काशव्वा. लोक तसं म्हणतील, बायकोच्या मागं गेला, म्हणून सांगून ठेवतो. मला उद्या सकाळी चहा प्यायचा आहे. मला त्या पोरांना पाणी मिळालेलं ऐकायचं आहे. तू जवळ बोलावतेस असलं काही मला स्वप्नात येत नाही, आणि आलं तरी तू शिव्याच घालशील हे मला ठाऊक आहे. पण कोणीतरी एकानंच जवळ बसायचं असेल तर तो मी, एवढं मला कळतं. हेही तू शिकवलंस. न बोलता, कोपऱ्यातल्या घागरीनं.

राग आहे म्हटलं ते खरं. पण आज टाकीकडं बघताना कळतंय की तू त्या कोपऱ्यात काय विचार करून उभी राहत असशील. फार विचार नसेलच केलास. उरलेल्यांकडं बघितलं असशील आणि खालची घागर कलती केली असशील. मी तुला कधी शाबास म्हटलं नाही. गिऱ्हाइकांना सांगायचो मात्र, की माझ्या बायकोच्या नाकावर हे दुकान चालतं. तुला कोणी सांगितलं होतं का ते?

रांग उठली. शेवटची बाई कळशी घेऊन गेली. गल्लीत आता आवाज आहे तो पिंपातल्या पाण्याचा आणि टाकीचा. सिद्रामानं वरून हात लावून बघितला, म्हणतो सगळीकडं सारखी तापलीय, हात ठेववत नाही. म्हणजे वाफ कोपऱ्याकोपऱ्यात पोचली. थंड व्हायच्या आत करायला पाहिजे. थंड झाली की बाहेरची हवा आत ओढते आणि सगळं परत पहिल्यापासून.

हे कागद मी सिद्रामाकडं देतोय, भिंतीमागं. त्याला सांगणार आहे की घडी उघडू नको, अक्काचं आहे. माझी पाठ वळली की तो उघडेल. त्याला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, मधलं सोडून तो आधी शेवट बघेल. म्हणून शेवटची ओळ तुझी नाही, त्याची आहे.

सिद्राम, काच डोळ्याला लावल्याशिवाय भिंतीबाहेर बघू नको, आणि मी हात वर केल्याशिवाय खटका ओढू नको.